आर्ताचे गाऱ्हाणे

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात सापडल्यामुळे देवाकडे वळतो तो आर्त. यादीत त्याचे नाव पहिले आहे, पण मान शेवटच्याला मिळतो. भाष्यकारांचा ओढाही ज्ञान्याकडेच असतो. आर्ताविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी जरा अवघडते. गरज पडली की देव आठवणारा माणूस भक्त कसा म्हणावा, हा आक्षेप त्यांच्या मनात असतो. गीतेला मात्र ही अडचण वाटलेली नाही. ती चौघांनाही पुण्यवान म्हणते आणि दोनच श्लोकांनंतर चौघेही थोर असल्याचा निर्वाळा देते. ज्ञान्याला ती आपला आत्माच मानते हे खरे, तरी आर्ताला दारातून परत पाठवत नाही.

हा भेद केवळ पोथीतला नाही. देवळांत, देव्हाऱ्यांपुढे, दवाखान्यांच्या व्हरांड्यांत रोज होणाऱ्या प्रार्थनांचा हिशेब मांडता आला, तर त्यांतल्या फार मोठ्या भागावर आर्ताचे नाव लिहावे लागेल. ज्ञानी भक्त अतिशय दुर्मीळ, असे गीता स्वतःच सांगते. तेव्हा सामान्य माणसाच्या धर्माचा विचार करायचा, तर तो आर्ताच्या प्रार्थनेपासूनच सुरू करावा लागतो.

माणसावर येणाऱ्या संकटांची मांडणी समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन तापांत केली आहे. देहातून आणि मनातून उठणारा तो आध्यात्मिक ताप, बाहेरच्या जीवांकडून व वस्तूंकडून होणारा तो आधिभौतिक, आणि मृत्यूनंतरच्या यातना हा आधिदैविक. पहिल्या तापाच्या समासात रोगांची आणि दुखण्यांची इतकी लांब यादी आहे, की रामदासांनी किती गावे पायी हिंडून किती आजारी माणसे पाहिली असतील, याचा अंदाज त्यावरून यावा. पोटापाण्याची चिंता या वर्गीकरणात कुठे बसवायची हे मात्र सहज ठरत नाही. ती मनाला जाळते म्हणून आध्यात्मिक, आणि मुकादमाकडून, मालकाकडून किंवा पावसाकडून येते म्हणून आधिभौतिकही.

या दुसऱ्या प्रकारची चिंता जवळून पाहायची असेल, तर सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातले चलथाण हे योग्य ठिकाण आहे. उधना–जळगाव या लोहमार्गावरचे, म्हणजे जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेवरचे, हे स्थानक. हाच मार्ग पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत खानदेशात शिरतो. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आणि कडोदरा-पलसाणा पट्ट्यातल्या कापड गिरण्यांभोवती जी मराठी वस्ती झाली, तिच्यातले बहुसंख्य लोक याच मार्गाने आले. त्यांच्या घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि पोथीत मराठी, अशी भाषांची वाटणी असते. चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिण गुजरातेतल्या अशा कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी डांग, नंदुरबार, धुळे, नाशिक या भागांतून दरवर्षी आदिवासी कुटुंबे उतरतात. दोघांची जोडी म्हणजे एक ‘कोयता’: एकाने तोडायचे, दुसऱ्याने पाचट काढून मोळी बांधायची. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, हंगामभर खर्चीवर भागवायचे आणि टनावर ठरलेल्या मजुरीचा हिशेब शेवटी व्हायचा. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बारडोली परिसरातल्या या पद्धतीचा अभ्यास केला आणि सहकाराच्या समृद्धीमागे कोणाचे कष्ट आहेत हे तपशिलाने दाखवले.

पडावावर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामावर, राहणाऱ्या अशा कुटुंबाच्या हातात फारच थोड्या गोष्टी असतात. अंगात ताप भरला तर मजुरी बुडते, हिशेबात काय शिल्लक निघेल हे शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही, गावाकडे ठेवलेल्या म्हाताऱ्यांची खबर उशिरा येते. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर एक निरीक्षण केले होते. शांत खाजणात मासे धरताना तिथले कोळी कोणताही विधी करत नसत. खोल समुद्रात, जिथे जीव आणि मासळी दोन्हींची खात्री नसे, तिथे जाण्यापूर्वी मात्र विधींची रेलचेल असे. त्यावरून प्रार्थना म्हणजे केवळ भीतीची उपज, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच बरोबर आहे. माणूस देवाकडे कधी वळतो हे त्यातून कळते. वळल्यावर काय बोलतो, हे कळत नाही.

बोलण्याच्या रीती दैवतागणिक वेगळ्या आहेत. खानदेशी घरांत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाच्या रूपात देवीची स्थापना होते, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्र गाण्यांत जाते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. वर्षभरात बोललेले नवस याच वेळी पुढे येतात. सुरतेतही कानबाई बसते, आणि गावी जायला सवड नसलेल्यांचे भाऊबंद इथेच जमतात. चैत्रात खानदेशातून हजारो लोक सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात; त्या वाटेवरच्या पायांना येणारे फोड हेच अनेकांच्या नवसाचे नाणे. कोकणा समाजात मार्गशीर्षाच्या सुमारास डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. तोही पुष्कळदा आजारपणात किंवा अडचणीत बोललेल्या नवसाखातर केला जातो. नर्मदा जिल्ह्यातल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे याहा मोगी मातेची यात्रा महाशिवरात्रीच्या सुमारास भरते. दुष्काळात लोकांना धान्य देऊन जगवणारी आई अशी तिची कथा सांगितली जाते, आणि नव्या टोपलीतून धान्य घेऊन लोक तिच्या दर्शनाला जातात. यात्रेचे दिवस नेमके ऊसतोडीच्या ऐन हंगामात येतात, ही मजुरांची दरवर्षीची ओढाताण.

या सगळ्यांत नवस हा प्रकार सर्वांत जास्त बदनाम आहे. अमुक झाले तर तमुक करीन, ही भाषा व्यवहाराची आहे आणि ती तशीच असल्याचे कोणी लपवतही नाही. त्याहून धीट प्रकार म्हणजे देव पाण्यात ठेवणे: काम होईपर्यंत मूर्ती पाण्यात बुडवून ठेवायची आणि जणू देवालाही आपल्या अडचणीत सामील करून घ्यायचे. हा प्रकार मराठीत इतका मुरला आहे की आता परीक्षेच्या किंवा क्रिकेटच्या निकालासाठीही लोक देव पाण्यात घालून बसतात. तत्त्वज्ञाला यात जबरदस्ती दिसेल. पण ज्याच्याशी काहीच नाते नाही त्याला कोणी पाण्यात ठेवत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, ग्रामदेवतेपुढे ‘गाऱ्हाणे’ घालतात. गावाच्या वतीने एक जाणता माणूस उभा राहतो, देवाला नावानिशी हाक मारतो, स्थळांची, मूळ पुरुषांची आणि चालत आलेल्या रिवाजांची आठवण देतो, मग अडचण मांडतो, आणि प्रत्येक विरामाला जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. या गाऱ्हाण्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मागणी शेवटी येते आणि थोडक्यात येते. आधीचा सगळा भाग आठवणीचा असतो: तू कोण, आम्ही कोण, आजवर तू काय काय केलेस. मराठी आर्तप्रार्थनेचा हा साचा आहे आणि तो शेवग्याच्या शेंगेएवढ्या स्तोत्रापासून पोथीपर्यंत सगळीकडे भेटतो. द्रौपदी, गजेंद्र, प्रल्हाद, उपमन्यू ही नावे संतांच्या आळवणीत वारंवार येतात ती शोभेसाठी नव्हे. ते दाखले आहेत. वकिलाने जुने निवाडे काढून न्यायाधीशापुढे ठेवावेत तसा भक्त देवापुढे देवाचेच पूर्वीचे वर्तन ठेवतो.

या साच्याचे सर्वांत नीटस उदाहरण गुजरातेतच घडले, आणि ते घडवणारा माणूस मराठी घरातला होता. त्याची परंपरा सावंतवाडीजवळच्या माणगावात सुरू होते. तिथे १८५४ मध्ये जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, पायी भारतभर फिरले आणि १९१४ मध्ये नर्मदाकाठच्या गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. त्यांनी दत्तात्रेयाची असंख्य स्तोत्रे लिहिली. त्यांतली कित्येक विशिष्ट अडचणींसाठी आहेत. १९११ च्या चातुर्मासात कृष्णेतल्या कुरवपूरला त्यांनी रचलेले घोरकष्टोद्धारण स्तोत्र आज दत्तभक्तांच्या घरी रोज म्हटले जाते. नावाप्रमाणे ते घोर कष्टातून सोडवण्याची याचना करते, तुझ्याशिवाय त्राता नाही म्हणते, पाप, ताप, दैन्य, भीती यांची नावे घेते. पण पाच श्लोकांच्या त्या छोट्या रचनेत एक वळण आहे. शेवटाकडे मागण्यांचा रोख बदलतो: धर्माची आवड, चांगली बुद्धी, देवभक्ती, सज्जनांची संगत. भोग आणि मोक्ष हेही मागितले आहेत, ते सोडलेले नाहीत. संकटातून सुटण्यासाठी तोंड उघडणारा माणूस तोंड मिटेपर्यंत आणखी काही मागू लागतो. स्तोत्र रोज म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येते की नाही कोण जाणे; पण रचणाऱ्याने ते मुद्दाम केले असणार.

टेंबे स्वामींचे शिष्य रंगावधूत महाराज. मूळ नाव पांडुरंग विठ्ठल वळामे, घराणे रत्नागिरीकडचे, जन्म २१ नोव्हेंबर १८९८ चा गोध्र्याचा. असहकाराच्या काळात ते राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले, काही काळ शिक्षक होते, आणि १९२५ पासून नर्मदेच्या काठी नारेश्वरला राहिले. त्यांनी ‘दत्तबावनी’ लिहिली ती ४ फेब्रुवारी १९३५ रोजी, कलोलजवळच्या सईज गावी, एका भक्ताच्या पत्नीची पीडा दूर व्हावी म्हणून. म्हणजे रचनेमागचा प्रसंगच आर्ताचा आहे. भाषा गुजराती, ओळी बावन्न, आणि बावन्न गुरुवार बावन्न पाठ करण्याची प्रथा. गुजरातेतल्या मराठी घरांत ती मूळ गुजरातीतच म्हणतात आणि तिचा मराठी अनुवादही प्रचारात आहे. सुरतेकडे गुरुवारच्या संध्याकाळी तिच्या चालीवरून घर मराठी की गुजराती हे ओळखणे अवघड.

दत्तबावनी वाचल्यावर गाऱ्हाण्याचा साचा डोळ्यांपुढे येतो. सुरुवातीला दत्ताची ओळख आणि स्तुती, मग दाखल्यांची रांग. सहस्रार्जुन, प्रल्हाद ही पुराणातली नावे, आणि त्यानंतर गुरुचरित्रातल्या कथा: भाकड म्हशीला दूध आणले, वाळलेल्या लाकडाला पालवी फोडली, गरीब ब्राह्मणाचा घेवड्याचा वेल उपटून त्याचे दारिद्र्य घालवले, विणकराला श्रीशैल दाखवून आणले, दिवाळीत आठ ठिकाणी एकाच वेळी भिक्षा घेतली. एवढे सगळे केलेस, मग माझ्याच वेळी उशीर का, हा प्रश्न तिच्या मध्याशी आहे. या यादीतल्या गरजूंकडे पाहिले तर ते पडावावरच्या माणसांपासून फार दूरचे वाटत नाहीत. म्हैस, वेल, माग, पोटाला अन्न. गुरुचरित्र ज्यांचे, ते चौदाव्या-पंधराव्या शतकातले नृसिंह सरस्वती राजालाही भेटले, पण भक्तांच्या स्मरणात घर करून राहिली ती भाकड म्हैस.

मराठी संतपरंपरेला हा सगळा प्रकार सरसकट मान्य होता असे नाही. तुकारामांनी नवसाची टर उडवली आहे. नवसाने मुले होत असती तर लग्नाची गरज काय, अशा अर्थाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. त्यांच्या बोलण्याला किंमत यासाठी, की संकट त्यांनी पुरेपूर पाहिले होते. १६३० च्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नाविना गेली, मुलगाही गेला. नंतर एका अभंगात ते देवाला सांगतात, दिवाळे निघाले ते बरेच झाले, त्यामुळे तुझी आठवण राहिली. भागवतात कुंती कृष्णाकडे संकटेच मागते, कारण संकटात त्याचे दर्शन घडते. तुकारामांचे म्हणणे त्याच जातीचे. फक्त कुंती राजघराण्यातली होती आणि तुकाराम उद्ध्वस्त वाणी. मात्र ही उंची प्रत्येक दुःखिताकडून अपेक्षिणे क्रूरपणाचे ठरेल. उपाशी मुलाच्या आईला, संकट ही देवाची कृपा आहे, असे सांगणारा कीर्तनकार तुकारामांचा अभंग उद्धृत करत असला, तरी तुकारामांसारखे काही करत नसतो. त्यांनी ते स्वतःच्या दिवाळ्याविषयी म्हटले होते, दुसऱ्याच्या नव्हे.

संतांच्या प्रार्थनेत भांडणही आहे. जनाबाईंच्या नावावर चालणाऱ्या अभंगांत विठ्ठलाला एकेरी शिव्याशाप आहेत, नामदेव रुसतात, आणि चोखामेळा तर देवाला जाब विचारतात. चोखोबांचे गाऱ्हाणे रोगाचे किंवा दारिद्र्याचे नाही. जातीमुळे दाराबाहेर उभे राहावे लागण्याचे आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून त्यात ते १३३८ च्या सुमारास गेले, अशी परंपरा आहे. संकट निवारले गेले नाही असे हे सर्वांत ठळक उदाहरण, आणि तरीही त्यांचे अभंग प्रार्थनेच्याच वहीत राहिले.

आर्तप्रार्थनेवर आधुनिक काळात जी टीका झाली, तिची एक पायरी सुरतेतच आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मंछाराम मेहता आणि इतर काही जणांबरोबर त्यांनी तिथे मानवधर्म सभा स्थापन केली. एकच ईश्वर, एकच मानवजात, ही तिची शिकवण. मूठ मारणे, भूत उतरवणे यांवर जगणाऱ्यांना दुर्गाराम मेहताजी उघड आव्हान देत. दादोबा पुढे मुंबईला गेले, तिथे परमहंस सभा झाली, आणि १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला, त्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग होते. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर यांनी या समाजाला वैचारिक बैठक दिली. उपासनेने ऐहिक फळे मिळत नाहीत, तिने आत्म्याची उन्नती होते, ही समाजाची भूमिका. म्हणजे घोरकष्टोद्धारणाचा उत्तरार्ध ठेवायचा आणि पूर्वार्ध गाळायचा.

भूमिका तर्काला धरून होती; लोकांत ती फारशी रुजली नाही, याचे कारणही तिच्यातच होते. ज्याचे मूल तापाने फणफणले आहे त्याला आत्म्याच्या उन्नतीपुरती प्रार्थना पुरत नाही. पण समाजाने दुसऱ्या बाजूने भरपाई केली. ज्या गोष्टी देवाकडे मागायच्या नाहीत त्या माणसांनीच करायच्या, असा त्यांचा हिशेब होता. पंढरपूरला सबजज्ज असलेले लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनी १८७५ मध्ये तिथे सोडून दिलेल्या मुलांसाठी अनाथाश्रम काढला आणि तो प्रार्थना समाजाने चालवला. मराठी माणसाने सुरतेत सभा काढावी आणि गुजराती माणसाने पंढरीत अनाथ मुले सांभाळावीत, ही देवघेव इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

या वादात तिसरी बाजू विनोबांनी मांडली, तीही खानदेशात. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सातव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी सकाम भक्तीला हिणवले नाही. काही हवे म्हणून का होईना, माणूस जगापुढे हात न पसरता देवाकडे जातो, यात श्रद्धेचे बीज आहे, असे त्यांनी धरले. पुढे ते आर्ताचा अर्थच वर उचलतात: निष्काम भक्तांमध्येही आर्त असतो, देवाच्या प्रेमासाठी तळमळणारा. हा अर्थ सुंदर आहे, पण त्यात मूळचा आर्त, पोटासाठी रडणारा, पुन्हा एकदा मागे सरकतो. त्यांच्यापुढे बसलेले श्रोते कैदी होते. सुटकेची प्रार्थना म्हणजे काय हे त्यांना वेगळे समजावण्याची गरज नव्हती.

प्रार्थनेने संकट टळते का, हा प्रश्न मोजून सोडवण्याचे प्रयत्नही झाले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ मध्ये असा युक्तिवाद केला, की राजघराण्यातल्या व्यक्तींसाठी चर्चमध्ये सर्वांत जास्त प्रार्थना होतात, तरी त्या इतर सुखवस्तू लोकांहून जास्त जगत नाहीत. अमेरिकेत २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांनी रुग्णांसाठी प्रार्थना केली. कोणासाठी केली हे दोन गटांना माहीत नव्हते. प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना ठामपणे सांगितले होते, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. दडपण आले असावे, असा एक तर्क केला गेला.

या आकड्यांनी नवसावर जगणाऱ्या पुजाऱ्याचा दावा कोसळतो, आर्ताचा नाही. अभ्यासात प्रार्थना करणारे परके होते; रुग्णाशी त्यांचे नाते नव्हते आणि रुग्णाने स्वतः देवाला काय म्हटले हे मोजलेच नव्हते. ते मोजण्याचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी केला. त्यांच्या २००१ च्या अभ्यासात, देवाने आपल्याला टाकले किंवा तो शिक्षा देत आहे असे मानून आतल्या आत झुरणाऱ्या वृद्ध रुग्णांत पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. संकट आणि प्रार्थना यांच्यात तिसरी गोष्ट आहे ती ही: देव आपला आहे की विरोधात गेला, याविषयीचा माणसाचा समज. गाऱ्हाण्यात मागणीपेक्षा जुन्या आठवणींना जास्त जागा का दिली जाते, याचे उत्तर इथे मिळते. दाखले देवाला ऐकवले जातात खरे, पण ते ऐकणारा पहिला माणूस म्हणणाराच असतो. वेळ वाईट असताना, हा आपलाच आहे, हे तो स्वतःला पटवून देत असतो. म्हणूनच मागणी पुरी न झाल्यावरही पुष्कळदा पाठ चालू राहतो. मागणीवरच उभी असलेली प्रार्थना पहिल्या नकाराला संपली असती.

परंपरेने नकाराची कारणेही देऊन ठेवली आहेत: प्रारब्ध, परीक्षा, वेळ न आलेली असणे. त्यांतले प्रारब्धाचे कारण सर्वांत धोक्याचे, कारण ते दुखावलेल्यालाच दोषी ठरवते आणि मजुरी बुडवणाऱ्याला मोकळे सोडते. चोखोबांनी ते काही अभंगांत स्वीकारले, काहींत झिडकारले. उचलीच्या ओझ्याखाली हंगाम संपवणाऱ्या कुटुंबाला आपले कर्ज पूर्वजन्मीचे आहे असे सांगणे हा धर्माचा गैरवापर आहे, मग तो कोणी कितीही भक्तिभावाने सांगो.

सार्वजनिक संकटात प्रार्थना आणि प्रयत्न यांचा संबंध आणखी स्पष्ट होतो. सप्टेंबर १९९४ मध्ये, गणेशोत्सव संपता संपता, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. खानदेशाकडच्या गाड्या भरून वाहिल्या. त्या दिवसांत देवळे, मशिदी, चर्च सगळीकडे प्रार्थना झाल्याच असतील. पण शहराचे रूप बदलले ते १९९५ नंतर, महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा आणि सांडपाणी यांच्याकडे लक्ष दिल्यावर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हाही प्रश्न धरण कधी आणि किती उघडायचे याचाच होता. ज्या रामदासांनी करुणाष्टके लिहिली, त्यांनीच दासबोधात यत्नाला देव मानायला सांगितले. सांजवेळी करुणाष्टक म्हणणाऱ्या घरांत हा दुसरा भाग क्वचितच पाठ असतो.

आर्ताच्या अगतिकतेवर धंदा उभा राहतो, हा या विषयाचा शेवटचा आणि सर्वांत कुरूप भाग. करणी काढणे, अंगात आलेल्याकडून औषध घेणे, बाळंतिणीला दवाखान्याऐवजी भगताकडे नेणे हे प्रकार तापीच्या खोऱ्यात दोन्ही राज्यांत चालतात. अशा अंधश्रद्धांविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुजरात विधानसभेने तशाच स्वरूपाचा कायदा २०२४ मध्ये मंजूर केला. चलथाणला तोच लागू आहे. महाराष्ट्राच्या कायद्याने पूजा, वारी, कीर्तन, पारायण यांना हात लावलेला नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्रावर ठेवणे, हा मात्र त्यात गुन्हा आहे. साप चावलेल्या ऊसतोड्याला घेऊन वाहन आधी दवाखान्याकडे निघाले आणि वाटेत कोणी दत्तबावनी म्हणत राहिले, तर त्यात कायद्यालाही आक्षेप नाही आणि गीतेलाही.